तिसऱ्यांदा विचारायचं असतं

१० ऑक्टोबर, पारो

मालकांनी आज ऑफिसात बोलावून घेतलं. या खेपेला मी एकटी मुख्य गाइड! जोमोल्हारीच्या पायथ्याचा ट्रेक, नाइले खिंड ओलांडून लिंगशी, तिथून थिम्पू. पाहुणी एकच, पोर्तुगालची, साठी ओलांडलेली. जगभर हिंडते, खाते आणि पेपरात लिहिते.

"ट्रेक पुरा झाला पाहिजे, यांगदेन," मालक म्हणाले. "ही बाई लिहिणारी आहे. अर्ध्यातून परत फिरली तर तेच लिहील. पुरा केलास तर पुढचा सगळा हंगाम तुझा."

मी आदराचा 'ला' जोडून नुसती 'बरं ला, बरं ला' करत मान डोलावली. एवढी वर्षं दुसऱ्या गाइडच्या मागून पाण्याच्या बाटल्या वाहिल्या, आता कुठं कुणी नावानं हाक मारली. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र मात्र बंद पडलंय. मालक म्हणाले, पुढच्या खेपेला नवीन घेऊ, तू आपली प्रश्न विचार. ते प्रश्न मला पाठच आहेत. डोकं दुखतं का, झोप लागली का, जेवण गेलं का, चालताना तोल जातो का.

संध्याकाळी आईला फोन केला. आमच्या उरा गावात थंडी पडायला लागलीय म्हणे. वीस तारखेला जाकरच्या दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. मी म्हटलं, "येऊ का मग?" ती म्हणाली, "नको गं, कशाला एवढ्या लांब. शेजारची पेमा नेणारे मला. तू तुझं काम बघ." बरं झालं बाई. 'ये' म्हणाली असती तर माझा ट्रेक गेला असता.

१२ ऑक्टोबर, पारो

पाहुणी आली. नाव इनेस. इनेसबाई म्हणजे नुसतं वादळ आहे. विमानतळावरून हॉटेलात जायच्या आधी म्हणाल्या, "मला बाजारात ने." कुठल्याही देशात गेल्या की आधी भाजीबाजार, मग देऊळ, मग डोंगर, असा त्यांचा क्रम आहे. मिरच्यांच्या ढिगासमोर उभ्या राहून वाळलेली मिरची कच्ची चावली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

रात्रीचं जेवण मावशीकडं. मावशीनं मिरची-चीजची एमा दात्शी, लाल भात आणि मुळा घालून वाळवलेलं डुकराचं मांस केलं होतं. पहिल्यांदा वाढायला आली तशी इनेसबाईंनी चटकन ताट पुढं केलं. मावशी हसू दाबत माझ्याकडं बघायला लागली. मग मीच त्यांना शिकवलं. "मॅडम, आमच्यात असं लगेच ताट पुढं केलं तर हावरट म्हणतात. तोंडावर हात धरायचा आणि म्हणायचं, मेशु मेशु. नको, नको. मग घरची बाई दुसऱ्यांदा म्हणणार, घ्या की. तुम्ही परत मेशु मेशु. तिसऱ्यांदा म्हणाली की घ्यायचं."

"आणि खरंच नको असेल तर?" त्यांनी विचारलं.

"खरंच नको असं कुणाला असतं का?" मावशी म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं आणि सगळे हसलो.

त्यानंतर बाईंनी जो धुमाकूळ घातला! भाताला मेशु, मांसाला मेशु, घरच्या दारूला तर दोन्ही हात तोंडावर. आणि प्रत्येक वेळी तिसऱ्याला ताट पुढं. मावशी तर खूश. जाताना कानात म्हणाली, "ही आपल्यातलीच आहे गं."

परतताना गाडीत माझ्या तोंडून निघून गेलं की मुख्य गाइड म्हणून ही माझी पहिलीच खेप, आणि ट्रेक पुरा झाला की हंगाम माझा. सांगायला नको होतं खरं तर. त्यांनी माझा हात दाबला. "मग पुरा करायचाच," म्हणाल्या.

१५ ऑक्टोबर, थांगथांग्खा

काल शानाहून निघालो. आम्ही चौघं. इनेसबाई, मी, आचारी अप डोफू, म्हणजे डोफूकाका, आणि घोडेवाला गेम्बो. अप डोफू तोंडात सदा पान, स्वयंपाकाचा गर्व एवढा की कुणी ताटात शीत ठेवलं तरी दिवसभर फुरंगटून बसतील. मागून एक पाचवा जीव लागलाय, काळा-पांढरा झिपरा कुत्रा. शानाच्या पुलापासून आमच्याबरोबर आहे. बाईंनी त्याचं नाव ठेवलंय बाकल्याव. त्यांच्याकडच्या सुक्या माशाचं नाव आहे म्हणे.

आजची चाल लांबची होती. नदीकाठचं जंगल, चिखल, वर-खाली. मी दमले, बाई नाहीत. रात्री चुलीपाशी त्यांनी कुठं कुठं काय खाल्लं ते सांगितलं. हनोईत पहाटे फुटपाथवर बसून शेवयांचं गरम सार. मोरोक्कोत बाजार उघडायच्या आधी हमालांबरोबर वाटाण्याची आमटी. मेक्सिकोत मक्याच्या पानात वाफवलेलं पीठ, ते एका म्हातारीनं बसमध्ये भरवलं. आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या स्वतःच्या गावात, जूनमध्ये, रस्त्यात शेगड्या मांडून भाजलेली तारली. नवरा गेला त्या वर्षीही त्यांनी दारात शेगडी मांडली होती. "ते घरचं, म्हणून शेवटी सांगते," म्हणाल्या. अप डोफू एवढे रंगले की पान थुंकायचं विसरले.

प्रश्न विचारले. डोकं ठीक, झोप ठीक, जेवण तर विचारूच नये.

१६ ऑक्टोबर, जांगोथांग

झाडं संपली. दुपारी पोचलो तेव्हा जोमोल्हारी पूर्ण उघडा होता. बाई दगडावर बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. एक शब्द नाही. मला वाटलं, आता वही काढून लिहितील, पण वही काढलीच नाही. भारावल्या असतील.

डोक्याला ऊन लागलंय म्हणाल्या, थोडं दुखतंय. इथं पहिल्या दिवशी सगळ्यांचंच दुखतं. भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

जेवायला अप डोफूंनी याकच्या मांसाचा रस्सा केला. बाईंनी तोंडावर हात धरला, "मेशु मेशु." आम्ही तिघंही हसलो. मी परत वाढायला गेले, परत "मेशु मेशु." तिसऱ्यांदा मी न विचारताच ताट भरलं. थंडी वाजतेय, तंबूत बसून खाते म्हणाल्या. ताट परत आलं तेव्हा चाटून-पुसून लख्ख.

"बघ," अप डोफू म्हणाले, "साऱ्या जगाचं खाऊन आलेली बाई माझ्या ताटात शीत ठेवत नाही."

"तुमच्या पोरांना सांगा हे. ती तर तुमच्या हातचं सोडून नूडल्सची पाकिटं फोडतात," गेम्बो म्हणाला. अप डोफूंनी डाव उगारला.

कुत्रा बाईंच्या तंबूच्या दारातून हलत नाही. मी बिस्कीट दाखवलं तरी आला नाही. कसला जीव लावून बसलाय मेला.

१७ ऑक्टोबर, जांगोथांग

विश्रांतीचा दिवस. तळ्यांकडे फिरायला जायचं ठरलं होतं, पण बाई म्हणाल्या, मी तंबूत बसून लिहिते. ढगही आले होते. दुपारी मी डोकावले तर वही मिटलेली, बाई आडव्या. "लिहून लिहून दमले," म्हणाल्या. कोरडा खोकला येतोय त्यांना, गेम्बोलाही येतोय, इथल्या हवेनं येतो.

'नाइले खिंड केवढी उंच?' असं सकाळी विचारलं होतं, तेच संध्याकाळी परत विचारलं. वय आहे, विसरत असतील. बुटाची नाडी बांधायला त्यांना इतका वेळ लागला की मीच बसून बांधली. बोटं गारठलीत म्हणाल्या.

दुपारी लोणी-मिठाचा चहा नेऊन दिला. मेशु मेशु झालंच. मी म्हटलं, "मॅडम, आता तर तुम्ही आमच्याही वर झालात." त्या हसल्या. संध्याकाळी बघितलं तर तंबूमागच्या गवतावर पिवळट, तेलकट डाग. घोडे इतक्या जवळ बांधू नकोस म्हणून गेम्बोला झापलं. तो म्हणतो, घोडे तिकडं नव्हतेच. मग काय मी मुतले? खोटं बोलायची सवयच आहे त्याला.

मनात एक किडा वळवळतोय. आणखी एक दिवस इथं थांबावं का? अप डोफूंना विचारलं. ते पश्चिमेकडं बघत म्हणाले, "उद्या गेलो तर गेलो. परवा बर्फ पडणार, मग खिंड बंद. मग मालकाला तूच तोंड दाखव."

तरी मी बाईंना विचारलं, "एक दिवस थांबू या का?" त्या म्हणाल्या, "मेशु मेशु." चेष्टा करू नका, खरं सांगा म्हटलं. डोकं थोडं आहे, पण ठीक आहे म्हणाल्या. झोप? लागली. जेवण? "ताटं बघ की." ताटं तर मी बघतेच आहे, लख्ख आहेत. याच्याहून वाईट दिसणारी माणसं मी खिंड चढताना बघितलीयत.

उद्या पहाटे निघायचं. ट्रेक पुरा होणार, काही होत नाही. नीट लिहिते म्हणजे मला पटेल. काही होत नाही.

१८ ऑक्टोबर, खिंडीच्या खाली, दगडाआड

हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितेय, नाहीतर किंचाळेन.

सामानाचे घोडे लिंगशीच्या एका याकवाल्याबरोबर पुढं गेलेत, खिंडीपलीकडं. रिकामा घोडाही त्यांच्याबरोबर गेला. सकाळी मी बाईंना तीनदा विचारलं, घोड्यावर बसता का, तीनदा त्या नको म्हणाल्या आणि चालायला लागल्या. ऑक्सिजनचं नळकांडं त्याच घोड्यावर आहे. मीच बांधलं होतं.

चढावर त्या दर थोड्या पावलांनी थांबत होत्या. मी 'हळूहळू, मॅडम, छान चाललंय' म्हणत होते. छान चाललंय! मग खायला थांबलो. मी भात आणि उकडलेलं अंडं पुढं केलं. त्यांनी नेहमीसारखा हात उचलला, "मेशु" म्हणाल्या, आणि हात तोंडावर गेलाच नाही. कानाशी गेला. परत उचलला, तर हनुवटीच्या खाली हवेत. स्वतःचं तोंड सापडत नव्हतं त्यांना.

आणि तेवढ्यात कुत्रा आला, त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला, तोंड उघडून, शेपटी हलवत. जेवायची वेळ झाल्यासारखा. त्यांनी अंडं घेतलं आणि न बघता त्याच्या तोंडात दिलं.

याकचा रस्सा, भात, बटाटे, दोन दिवसांची सगळी ताटं त्याच्या पोटात. गवतावरचा तो डाग घोड्यांचा नव्हता, चहाचा होता. गेम्बो खोटं बोलत नव्हता. त्या खरंच नको म्हणत होत्या, आणि मी हसून वाढत होते.

उभं केलं तर एका रेषेत चार पावलं टाकता येत नाहीत. दारू प्यायल्यासारख्या झुकतात. डोक्यात पाणी झालंय. प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलं होतं, अशा माणसाला खाली न्या, ताबडतोब, नाहीतर मरतो. सुजेवरची गोळी दिली, ती माझ्या पिशवीत होती म्हणून बरं. गेम्बो घोडा आणायला वर पळालाय.

बर्फ भुरभुरायला लागलं. अप डोफू म्हणतात, "वर चल. तासाभरात खिंड, मग उतारच उतार, लिंगशीत दवाखाना आहे. घोडाही वाटेत भेटेल."

दवाखाना त्या बाजूला आहे, पण उतार या बाजूला. वर एक पाऊलही न्यायचं नाही. पण घोड्याची वाट बघायची का? गेम्बो कधी येईल? फोनला रेंज नाही. त्या माझ्याकडं बघतात आणि मला कुठल्यातरी वेगळ्याच नावानं हाक मारतात.

नाही, वाट बघायची नाही. अप डोफूंना सांगते, पाठीवर घ्या.

१९ ऑक्टोबर, थांगथांग्खा

आता लिहू शकते.

मी म्हटलं, "अप डोफू, खाली." ते ओरडले, "खाली काय आहे? दगड आणि याक!" मी म्हटलं, "खाली हवा आहे." मी त्यांच्यावर आजवर कधी आवाज चढवला नव्हता, त्यांची धाकटी मुलगी माझ्या वयाची आहे. मग तोंडातलं पान थुंकून त्यांनी पाठ वाकवली. घोंगडीत घालून आम्ही बाईंना त्यांच्या पाठीला बांधलं, आमच्याकडं आजारी माणसाला नेतात तसं. मागं ये म्हणून गेम्बोसाठी दगडाखाली माझा लाल स्कार्फ ठेवला.

थोडं अंतर ते, थोडं मी. बाई किडकिडीत, तरी बर्फात निसरड्या दगडांवरून पाठीवर माणूस म्हणजे काय ते माझे गुडघेच जाणोत. एकदा ओढा ओलांडताना माझा पाय सटकला, दोघी कमरेपर्यंत पाण्यात. अप डोफूंनी मानगूट धरून ओढलं मला. थंडी वाजली नाही. तेव्हा काहीच वाजलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे त्या गप्प व्हायला लागल्या. हाक मारली तर नुसतं हूं. झोपू द्यायचं नव्हतं मला. मी म्हटलं, "मॅडम, हनोईत काय खाल्लं?" काही नाही. "हनोईत, पहाटे, फुटपाथवर?" बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तारली."

तारली तर त्यांच्या घरची. जन्मात त्या हे विसरल्या नसत्या.

"आणि मेक्सिकोत?" "तारली." "मोरोक्कोत?" काहीच नाही. अप डोफू पुढून रडक्या आवाजात म्हणाले, "माझा रस्सा विचार. माझा रस्सा कसा होता ते विचार तिला." मी म्हटलं, "तुमचा रस्सा कुत्र्यानं खाल्ला, अप डोफू." ते चालता चालता थबकलेच. "पहिल्या दिवसाचा पण?" "पहिल्या दिवसाचा पण." मग रागानंच भराभर चालायला लागले. तो राग आम्हाला पुष्कळ खाली घेऊन गेला.

जांगोथांगला एका याकवाल्या बाईनं एक शब्द न विचारता तिचा घोडा सोडून दिला. तिच्या घरात थांबायचा मोह झाला, चूल पेटलेली होती, चहा उकळत होता. ती म्हणाली, "बस, चहा घे." आणि मी मेशु म्हणाले नाही. मी म्हणाले, "नाही. खरंच नाही." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि परत विचारलं नाही.

घोड्यावर बाईंना मधोमध बसवून दोन्ही बाजूंनी धरून निघालो. मी तेच तेच विचारत राहिले. हनोई? मोरोक्को? मेक्सिको? उत्तरं सगळी एकात एक मिसळलेली. मी मनातल्या मनात गुरु रिनपोछेंना सांगत होते, हंगाम नको, मुख्य गाइड नको, हिला ठेव. असं दहा वेळा तरी म्हटलं असेन.

मग झाडं लागली. पहिली बुटकी, मग खरी. गेम्बो तिथंच मागून येऊन पोचला, घोडा आणि नळकांडं घेऊन, ओठ फाटलेले, मला शिव्या देत. माझा स्कार्फ त्याच्या गळ्यात होता. मास्क लावला, पुन्हा चालत राहिलो. नदीचा आवाज मोठा झाला तेव्हा मी सवयीनं परत विचारलं, "हनोईत काय खाल्लं?"

मास्कच्या आतून आवाज आला, "सार. शेवयांचं. गरम."

मी तिथंच चिखलात बसले आणि रडले. गेम्बो म्हणाला, "ऊठ गं बाई, अजून पोचलो नाही." तोही रडत होता.

रात्र इथल्या लष्कराच्या चौकीत काढली. शिपायांनी वायरलेसवरून खबर दिली. आज सकाळी हवा उघडली की हेलिकॉप्टर येईल म्हणतात.

मघाशी अप डोफूंनी भाताची पेज केली. मी ताटली पुढं केली. इनेसबाईंनी हात उचलला. आम्ही तिघंही त्या हाताकडं बघत होतो. हात तोंडावर गेला नाही, चमच्यावर गेला. त्यांनी सगळी पेज खाल्ली आणि आणखी मागितली. बाकल्याव समोर बसून बघत होता, शेवटी कंटाळून उठून गेला. अप डोफू पाठ फिरवून उगाच चूल फुंकत राहिले.

२१ ऑक्टोबर, पारो

दवाखान्यात आज बाई बसत्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं वर नेलं असतं तर बोलायला काही उरलं नसतं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

मग त्यांना सरळच विचारलं. राग आला होता मला, खरं सांगायचं तर. "का नाही सांगितलंत? मी रोज विचारत होते."

"तू विचारत होतीस तेव्हा तुझा चेहरा बघितला होतास का?" त्या म्हणाल्या. "आधीच 'ठीक आहे' ऐकायला बसलेली. मला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, उतरलं की बरं वाटेल. तुझी पहिली खेप माझ्यापायी का वाया घालवायची?"

"आणि जेवण? ते कुत्र्याला?"

"नको म्हटलं की तुम्ही सगळे हसायचात. किती खूश व्हायचात! मग वाटलं, जाऊ दे."

त्यांनी माझा हात धरला.

मालक भेटून गेले. बाईंसमोर माझं कौतुक केलं, जिन्यात म्हणाले, "ट्रेक पुरा झाला नाही हे खरंच आहे. पुढच्या हंगामाचं बघू." बघू म्हणजे नाही, हे मला कळतं. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलंच नाही असं मात्र नाही.

गेम्बोची माफी मागितली, घोड्यांच्या मुताबद्दल. तो म्हणाला, "लिहून दे." बाकल्यावला त्यानंच घरी नेलंय.

२३ ऑक्टोबर, पारो

इनेसबाई आज गेल्या. विमानतळावर मावशीनं वाळलेल्या मिरच्यांची पिशवी दिली. बाईंनी तोंडावर हात धरला, मग माझ्याकडं बघून हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "ही मात्र हवी आहे." मावशीला ते जरा हावरटपणाचं वाटलं. वाटू दे.

घरी आले आणि आईला फोन लावला. या गडबडीत वीस तारीख कधीच उलटून गेली होती.

"कसा आहे डोळा? पट्टी सोडली?"

"अगं, झालंच नाही ते. पेमाच्या शेतावर गडबड होती, बटाटे काढायचे होते. म्हटलं हिवाळा झाल्यावर बघू. दिसतंय की अजून थोडं थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"पुरतं मला. तुझा ट्रेक झाला ना नीट?"

दहा तारखेला मी तिला एकदाच विचारलं होतं. एकदाच. ती नको म्हणाली आणि मी सुटले होते. परक्या बाईला भाताचा प्रत्येक घास तीनतीनदा विचारला, आणि स्वतःच्या आईला एकदा.

"आई, मी येऊ का? मी नेते तुला जाकरला."

"नको गं, कशाला. दोन दिवसांचा रस्ता आहे."

"येऊ का?"

"नको म्हटलं ना. कामं सोडून येतेस? माझं काय, मी आहे तशी बरी आहे."

चुलीत काहीतरी तडतडत होतं तिच्याकडं, तेवढं ऐकू येत होतं.

"आई, येऊ ना मी?"

फोन कट झाला असं वाटलं मला. मग ती हळूच म्हणाली, "दिवसाउजेडी पोचेल अशी बस घे. ट्रोंग्सापुढं रस्ता वाईट आहे, ड्रायव्हरच्या मागं बस." आणि मग, "अंगणातली पायरी मला आता दिसत नाही, यांगदेन. तू आलीस की हात धर."

धरीन म्हटलं.

फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "आणि येताना काही आणू नकोस हं. काहीसुद्धा नको."

पारोचा लाल तांदूळ घेतलाय, तिला आवडतो तो. पिशवी जड आहे. सकाळच्या बसचं तिकीट काढलंय.